अमेरिकेच्या अलास्का राज्यातली सगळ्यात विचित्र गोष्ट कोणती?

माझ्या मते व्हिटियर, कारण तिथलं जवळजवळ अख्खं गाव एकाच १४ मजली बिल्डिंगमध्ये राहतं. बेगिच टॉवर्स नाव तिचं. अमेरिकन लष्कराने १९५० च्या दशकात आपल्या लोकांसाठी बांधली, पुढे लष्कर गेलं आणि बिल्डिंग गावाची झाली. वस्ती जेमतेम तीनशेच्या आत, पोस्ट ऑफिस, किराणा दुकान सगळं त्याच छताखाली, आणि शाळेत जायला खालून भुयारी रस्ता आहे म्हणजे बाहेर बर्फाचं वादळ असलं तरी पोरं साध्या स्वेटरवर वर्गात पोचतात, हे मला फार भारी वाटतं! रस्त्याने गावात यायचं तर साधारण ४ किलोमीटरचा एकच बोगदा, तोही एका लेनचा. त्यातूनच गाड्या जातात, त्यातूनच ट्रेन, त्यामुळे आळीपाळीने सोडतात आणि रात्री बंद. २००० सालापर्यंत तर त्यातून फक्त रेल्वे जायची. फक्त एक, "सगळेच" एका बिल्डिंगमध्ये राहतात असं जे सांगतात ते अगदी शब्दशः धरू नका, थोडे लोक दुसरीकडेही राहतात.

अजून दोन पटकन:
- राजधानी जुनोला बाहेरून रस्ताच नाही, विमान नाहीतर बोट.
- १८६७ मध्ये रशियाने हे सगळं राज्य ७२ लाख डॉलरला विकलं.