शेजारच्या चिनी बाळंतिणीचं दूध ‘पुरत’ का नाहीये?

प्रश्न : नमस्कार ताई, मी टोरंटोजवळ मारखमला राहते. शेजारी एक चिनी जोडपं आहे, फूजियानकडचं, दोघंही रेस्टॉरंटमध्ये कामाला. तिला मुलगा झालाय, आज नववा दिवस. इंग्रजी जेमतेम येतं, आम्ही मोबाइलच्या ट्रान्सलेटरवर बोलतो. सासू आलीये चीनहून. महिनाभर बाहेर पडायचं नाही, गार पाणी नाही, डोक्याला टोपी, मला तर साताऱ्याचं आमचं घरच आठवलं. पण तिसऱ्या दिवसापासून बाटली सुरू झालीये, सासू म्हणते दूध पाण्यासारखं आहे, पोराचं पोट भरत नाही, आणि तिला दिवसातून तीनदा डुकराच्या पायांचं सूप पाजते. काल ती माझ्यापाशी रडली, तिला अंगावरच पाजायचंय. आणि सासू परत जाताना बाळालाही घेऊन जाणारे म्हणे, म्हणून ‘बाटलीची सवय असू दे’. मी मध्ये पडू का?

उत्तर : पड गं, नक्की पड, पण सासूच्या विरोधात उभी राहू नकोस. हे आधी सांगते कारण बाहेरून मदतीला येणारे सगळे इथेच चुकतात, आजीला बाजूला सारून आईला शिकवायला बघतात आणि मग ते गेल्यावर घरात बाटलीच राहते.

तू बघतेयस त्याला ते लोक ‘त्सो युएत्स’ म्हणतात, म्हणजे महिना बसणं. आपला सव्वा महिना तसाच त्यांचा एक महिना. आपल्याकडे अळीव, डिंक, मेथी, तर त्यांच्याकडे शेंगदाणे घालून डुकराचे पाय, कच्ची पपई आणि मासा, आलं. ते सूप मला तरी आवडतं, गरम आहे, पौष्टिक आहे, आणि परक्या देशात बाळंतिणीच्या हातात कुणीतरी वाटी आणून देतंय हे काय थोडं आहे? वरचं तेल काढून घ्या एवढंच. हां, फूजियानकडे तांदळाच्या लाल दारूत कोंबडी शिजवतात बाळंतिणीसाठी, ती असेल तर सांग की शिजवून सगळी दारू उडत नाही आणि ती दुधात उतरते, त्यामुळे दारू न घालता केलेली बरी, नाहीतर आधी बाळाला पाजायचं, मग खायचं आणि मग दोनेक तास जाऊ द्यायचे.

पण दूध सुपाने वाढत नाही, अळिवानेही नाही, बाळ ओढतं त्याने वाढतं. पहिल्या दिवशी एका वेळेला चमचा-दीड चमचा चीक पुरतो बाळाला, आणि छाती भरून येते ती दुसऱ्या ते चौथ्या दिवशी. नेमकं त्याच्या आदल्या रात्री बाळ खूप रडतं, घरातले घाबरतात, एक बाटली जाते, बाळ चार तास गाढ झोपतं आणि सगळ्यांना वाटतं बघा, उपाशीच होतं. त्या चार तासांत छातीला दूध कर असा निरोपच गेला नाही ना! दोन दिवस असं झालं की खरंच कमी येतं. आणि पाण्यासारखं म्हणशील तर दर वेळी पाजायला घेतलं की आईचं दूध सुरुवातीला पातळ, निळसरच दिसतं, डब्याच्या दुधाशेजारी तर जास्तच.

सासूला डब्यावर एवढा भरवसा का, हेही समजून घे. २००८ साली चीनमध्ये पावडरच्या दुधात मेलामाइन, म्हणजे प्लास्टिकसाठी वापरतात ते रसायन, सापडलं, सुमारे ३ लाख मुलं आजारी पडली, ६ दगावली. त्यानंतर परदेशी डबा म्हणजे सोनं झालं, हाँगकाँगहून लोक इतके डबे न्यायला लागले की २०१३ मध्ये तिथल्या सरकारने माणशी दोनच डब्यांची मर्यादा घातली. आता तोच डबा कॅनडात दुकानात समोर दिसतोय, मग नातवाला तो द्यायचा यात तिला प्रेमच वाटतं. तिच्यावर चिडू नकोस.

आता करायचं काय. बाटली एका फटक्यात बंद करायची नाही, आधी नर्स किंवा डॉक्टरकडून बाळाचं वजन करून घ्या आणि बाळ नीट पकडतंय का तेही बघायला सांगा. मग प्रत्येक वेळी आधी छातीला, २४ तासांत ८ ते १२ वेळा, रात्रीसुद्धा, आणि वरचं त्यांच्या सल्ल्याने हळूहळू कमी. सासूला काम दे. ढेकर काढणं, न्हाऊ घालणं, आणि मुख्य म्हणजे ओल्या लंगोटांचा हिशोब. आपण चार उभ्या रेघा मारून पाचवी आडवी मारतो ना, तसं चिनी लोक पाच रेघांचं एक अक्षर पूर्ण करतात. फ्रिजवर कागद लाव आणि सांग, दिवसाला एक अक्षर पूर्ण होऊन वर एक रेघ पडली, म्हणजे ६ ओले डायपर, शिवाय पिवळी पातळ शी, की पोट भरतंय. तिच्या हाताने मारलेली रेघ तिला पटेल, तुझं-माझं बोलणं नाही. जन्माचं वजन १० ते १४ दिवसांत परत यायला हवं. डायपर कमी ओले झाले, बाळ उठवूनही पीत नाही, पिवळं दिसतंय, तर वाट बघायची नाही, तेव्हाच दवाखाना. शंका आली तर ओंटारियोत ८११ फिरवा, नर्स बोलते, दुभाषा मागता येतो.

आणि बाळाला चीनला पाठवायचं, त्यावर काही बोलू नकोस. रेस्टॉरंटच्या शिफ्ट, डे-केअरचा खर्च, त्यांना हौस नाहीये. आपल्यातल्याही कितीतरी जणींनी लेकरं आजीकडे गावी ठेवलीत. तिला एवढंच सांग की जेवढे महिने बाळ जवळ आहे तेवढे महिने पाजलेलं कुठेही वाया जात नाही.

प्रश्न : मी मेलबर्नला हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. वॉर्डातल्या चिनी आया पाणी पीत नाहीत, छाती भरून आली तरी बर्फाचं पॅक घेत नाहीत. सहकारी म्हणतात, त्या ऐकतच नाहीत.

उत्तर : तुम्ही बर्फ घातलेला पाण्याचा जग ठेवता ना पलंगाशेजारी? तो उचला आणि कोमट पाण्याचा थर्मास ठेवा, मग बघा पितात की नाही. गार पॅकचं म्हणाल तर जबरदस्ती नको, सूज कशाने उतरते ते सांगा, कापडात गुंडाळून थोडा वेळ चालेल का विचारा, नको म्हणाली तर डॉक्टरांना विचारून आयबुप्रोफेनची गोळी आहेच. मात्र गाठ मोडायला जोरात मसाज करणारी बाई घरून बोलावतात कधीकधी, त्याला नाही म्हणा, दाबून दाबून सूज वाढते. आणि नवऱ्याला दुभाषा करू नका, सासूसमोर तो काय भाषांतर करतो ते तुम्हाला कळणार नाही, हॉस्पिटलचा दुभाषा फोनवर घ्या. घरी सोडताना कावीळ परत एकदा बघा, पूर्व आशियाई बाळांत ती जास्त दिसते, कावीळ उतरायला पाणी किंवा कडू काढा पाजू नका म्हणावं. आणि बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या अजिबात नकोत, दक्षिण चीनकडच्या काही बाळांना जी-सिक्स-पीडीची (रक्तातल्या लाल पेशी जपणारं एन्झाइम) जन्मतः कमतरता असते आणि त्यांना त्याचा वासही बाधतो.