दोन धावपट्ट्या, तरी घिरट्या का?
(वाचक विचारतात : मुंबई विमानतळ)

प्रश्न : मुंबईला दोन धावपट्ट्या असूनही विमान उतरण्याआधी आकाशात घिरट्या घालत राहतं. दुसरी पट्टी का वापरत नाहीत?

कारण त्या एकमेकींना छेदतात. ०९/२७ ही मोठी, सुमारे ३,४०० मीटरची, पूर्व-पश्चिम. १४/३२ त्याहून आखूड, वायव्येकडून आग्नेयेकडे जाणारी. (आकडा म्हणजे होकायंत्रावरची दिशा, शेवटचं शून्य गाळून. २७ म्हणजे २७० अंश, थेट पश्चिम.) एकीवर विमान धावत असताना दुसरीवर सोडणं धोक्याचं, म्हणून दोन असून कामाला एका वेळी एकच. तिच्यावर तासाला ४६च्या आसपास विमानांची ये-जा बसवलेली असते. एखाद्या विमानाने पट्टी मोकळी करायला थोडा जास्त वेळ घेतला, की मागच्याला उतरणं सोडून पुन्हा वर चढावं लागतं. ते परत रांगेत येतं आणि सगळ्यांचाच खोळंबा होतो. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा आणि विमान उतरवायचं ते वाऱ्याला तोंड करून, त्यामुळे विमानं पूर्वेकडून, घाटकोपरच्या बाजूने येऊन २७वर उतरतात. जोराची सर आली की दोन विमानांमधलं अंतर वाढवतात, मग घिरट्याही वाढतात.

पावसाळ्याच्या आधी आणि नंतर एकेक दिवस दोन्ही पट्ट्या साधारण सकाळी ११ ते संध्याकाळी ५ बंद ठेवतात. टायरचं चिकटलेलं रबर काढणं, दिवे तपासणं, डांबराची डागडुजी अशी कामं तेव्हा उरकतात. तारीख आधीच जाहीर होते, त्यामुळे त्या दिवशीच्या दुपारच्या विमानाची वेळ कंपनीने बदलली तर नवल नको.

प्रश्न : वडीलधारे 'सांताक्रूझ' आणि 'सहार' असे दोन विमानतळ सांगतात. नेमकं कुठे जायचं?

विमानतळ एकच, इमारती दोन. शहराचा पहिला विमानतळ जुहूचा, १९२८ सालचा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन उतरले ते तिथेच. पण पावसाळ्यात तिथे चिखल व्हायचा, इतका की विमानं पुण्याला हलवावी लागत. सांताक्रूझची पट्टी दुसऱ्या महायुद्धात लष्करी विमानांसाठी झाली आणि युद्धानंतर प्रवासी वाहतूक तिकडे आली. जुहू मात्र बंद झाला नाही, आजही तिथून हेलिकॉप्टर उडतात. दोन्ही ठिकाणच्या पूर्व-पश्चिम पट्ट्या जवळजवळ एकाच दिशेच्या, त्यामुळे १९७२ साली जपान एअरलाइन्सचं एक डीसी-८ विमान सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड पट्टीवर उतरलं आणि पट्टी संपून तिच्या पलीकडे गेलं. सुदैवाने जीवितहानी झाली नाही.

परदेशी विमानांसाठी सहारची इमारत नंतर झाली. तिच्या जागी उभं राहिलेलं टी-२ (टर्मिनल २) फेब्रुवारी २०१४ पासून चालू आहे. 'देशातलं सांताक्रूझहून, परदेशी सहारहून' हा जुना हिशेब पुढे मोडला, कारण टी-२वरून देशांतर्गत विमानंही सुटतात. तिकिटावर टी-१ (सांताक्रूझची इमारत) की टी-२ (सहारची) ते पाहा. रस्त्याने दोघांत काही किलोमीटरचं अंतर आहे आणि संध्याकाळच्या गर्दीत ते अर्धा-पाऊण तास खातं. भुयारी मेट्रो ३ वर दोघांची स्थानकं वेगळी, मध्ये सहार रोड. चुकलात तर रिक्षाच्या नादी न लागता मेट्रोच धरा. चेक-इन काउंटर बहुधा उड्डाणाआधी तासभर बंद होतो. आता एक चूक याहूनही महागात पडू शकते : डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू आहे. तिकिटावर 'बीओएम' म्हणजे मुंबई, 'एनएमआय' म्हणजे नवी मुंबई.

प्रश्न : सुक्या खोबऱ्याची वाटी बॅगेतून का काढून घेतात?

खोबऱ्यात तेल भरपूर. दमट, कोंडलेल्या जागी ते आपोआप तापू शकतं, म्हणून विमानवाहतुकीच्या नियमांत ते घातक मालात मोडतं. मोठ्या बॅगेतही चालत नाही, घरीच ठेवा.

पॉवर बँकेचं वेगळं : ती मोठ्या बॅगेत अजिबात नको, हातातल्याच बॅगेत. मर्यादा १०० वॉट-तास. २०,००० एमएएच × ३.७ व्होल्ट ÷ १,००० = ७४ वॉट-तास, म्हणजे चालते. छापील आकडे पुसले गेले असतील तर मात्र तपासणीवाले अडवतात, आणि ते बरोबरच आहे.