फौजेतून आलेली माणसं बदलतात कशी, आणि एकमेकांना इतकी धरून का असतात?

आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात हे सांगणारी घरं खूप आहेत, शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीत तर विचारायलाच नको. माझे वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झाले.

बदल बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरपासूनच, म्हणजे भरतीनंतरच्या ट्रेनिंगपासूनच सुरू होतो. एकाची चूक झाली की सगळ्यांना रगडा, म्हणजे शिक्षेची कसरत, त्यामुळे पोरं एकमेकांना सांभाळायला शिकतात. पुढे पलटणीत प्रत्येकाचा एक 'बडी' असतो. एक झोपला की दुसरा जागा. ज्याच्या भरवशावर सरहद्दीवर डोळा लागतो, तो सख्ख्या भावाच्या जागी जातो.

वडील अजूनही अंथरुणाची घडी कोपऱ्याला कोपरा जुळवून घालतात. घरी मोजकंच बोलतात. पण फौजी कॅन्टीनच्या रांगेत कुणी "कुठली पलटण?" विचारलं, की अर्धा तास हलत नाहीत. बर्फातली ड्युटी आम्हाला समजावून सांगावी लागते, त्या माणसाला नाही. माझ्या मते खरं कारण हेच.

शिवाय २०२२ च्या आधी भरती झालेला शिपाई १५ वर्षांच्या नोकरीनंतर पेन्शनला पात्र होतो, म्हणजे बरेच जण चाळिशीच्या आत गावी येतात. तोवर गावातले मित्र आपापल्या संसारात गुंतलेले, आणि हा इतकी वर्षं नुसता सुट्टीपुरता पाहुणा. मग पेन्शनचे कागद अडोत की मुलीचं लग्न ठरो, पहिला फोन फौजीलाच. वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी रात्री दवाखान्यात थांबायला गडहिंग्लजहून दोघे आले. त्यातला एक तर वडिलांच्या तुकडीतलाही नव्हता.