रिव्हर्टचं काय करायचं

अरे, हिंजवडीत पहिलीच नोकरी म्हणजे मेलमध्ये 'उत्तर द्या' अशा अर्थाने 'प्लीज रिव्हर्ट' हे तुला दिवसातून चारदा दिसणार, त्यामुळे गोंधळ होणं साहजिक आहे. टेन्शन घेऊ नकोस.

रिव्हर्टचा मूळ अर्थ पूर्वीच्या स्थितीला परत जाणं. लॅटिनमधून आलंय, तिथेही मागे वळणंच. 'वुई रिव्हर्टेड टू द ओल्ड प्लॅन' हे जगात कुठेही चालतं. उत्तर देणं हा अर्थ मुख्यतः आपल्याकडचा, सिंगापूर-मलेशियातही चालतो, पण लंडनच्या किंवा अमेरिकेतल्या क्लायंटला तू 'आय विल रिव्हर्ट बाय मंडे' लिहिलंस तर तो विचार करत बसेल की हा सोमवारी नक्की काय जुन्यावर नेणार आहे! त्यात तू डेव्हलपर, गिटमधलं (कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन) रिव्हर्ट म्हणजे आधीचा बदल उलटवणारा नवा कमिट, म्हणजे नवी नोंद, म्हणजे 'प्लीज रिव्हर्ट' वाचून एखाद्याने खरंच कोड उलटवला तर रात्र ऑफिसातच.

सध्या एवढंच सांभाळ:
- बाहेरच्या क्लायंटला साधं 'रिप्लाय' किंवा 'गेट बॅक टू यू' लिही.
- 'रिव्हर्ट बॅक' नको, 'बॅक' त्यातच आलं.
- जुन्यावर जायचं असेल तर पुढे 'टू' लागतं, 'रिव्हर्ट टू'.

ऑफिसातल्या ऑफिसात लोक लिहितात ते लिहू देत, सीनियरच्या मेलमधल्या चुका काढायला जाऊ नकोस बाबा. ते 'डू द नीडफुल' (जे लागेल ते करा) वगैरे नंतर बघू.