मैत्रिणींना भेटायला लिस्बनला जायचंय, पैसे कुठून काढू?

फोंड्याच्या एका निवृत्त शिक्षिकेने विचारलंय: वय ६३, पेन्शन चालू आहे. कॉलेजातल्या दोन मैत्रिणींपैकी एक लिस्बनला असते, दुसरी इंग्लंडात स्विंडनला. चवथ झाली की ऑक्टोबरात तिघींनी भेटायचं ठरलंय. एजंटाने १६ दिवसांची ४ लाखांची युरोप टूर सुचवलीय. त्यासाठी पोस्टातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना मोडू, की मुलगा म्हणतो तसं त्याला पर्सनल लोन काढू देऊ?

नमस्कार बाई,

जरूर जा. "या वयात एवढा खर्च शोभतो का" असंही तुम्ही विचारलंय, पण तुमची पेन्शन आणि ठेवी पाहता तो प्रश्नच येत नाही. मात्र दोन्ही मार्ग चुकीचे आहेत, आणि टूरही.

पोस्टातले १२ लाख तुम्ही २०२३ मध्ये ८.२ टक्क्यांनी ठेवलेत. दर तिमाहीला २४,६०० रुपये येतात आणि पाच वर्षं हा दर बदलत नाही. त्यातून थोडेच पैसे काढता येत नाहीत, खातं पूर्ण बंद करावं लागतं. दोन वर्षं उलटून गेल्यामुळे १ टक्का, म्हणजे १२,००० रुपये कापले जातील. वर तोच दर पुन्हा मिळेल याची खात्री नाही. लोनचं तर बोलूच नका. ४ लाख, १२ टक्के, तीन वर्षं धरली तर मुलाला महिन्याला १३,३०० च्या आसपास हप्ता आणि एकूण ७८,००० व्याज. आईच्या प्रवासाचे हप्ते मुलाने का भरायचे?

आता सहकारी बँकेतल्या दोन ठेवपावत्या बघा: एक ४ लाखांची, दुसरी अडीच लाखांची, ऑगस्टात मुदत संपणारी. ठेवींवरचा विमा एका बँकेत एका ठेवीदाराला व्याजासकट ५ लाखांपर्यंतच असतो. तुमची रक्कम आजच त्याच्या वर गेली आहे. म्हणजे ही दुसरी पावती तशीही नूतनीकरण न करता काढून घ्यायचीच होती. प्रवास तिच्यातूनच करा.

अडीच लाखांत भागेल? टूर सोडली तर भागेल. त्या १६ दिवसांत लिस्बनचे दिवस दोनच, बाकीचे बसमध्ये अनोळखी माणसांसोबत. शिवाय परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापतात. तो रिटर्न भरल्यावर हिशोबात येतो, पण तोवर अडकून राहतो. त्यापेक्षा मैत्रिणीकडेच सोळा दिवस राहा. माझा अंदाज असा: तिकीट ८५,०००, व्हिसा आणि त्याची सेवा फी १२,०००, विमा ८,०००, रोजचे ४० युरो १०५ च्या भावाने ६७,०००, काजू वगैरे भेटी १५,०००, हाताशी ३०,०००. बेरीज २ लाख १७ हजार. (पेढे मात्र नेऊ नका, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशांना युरोपीय संघात नेता येत नाहीत.)

इंग्लंड या खेपेला वगळा. ते शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात नाही, त्यामुळे व्हिसा वेगळा, फी वेगळी, विमानतिकीटही वेगळं. स्विंडनच्या मैत्रिणीकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे असं तुम्हीच लिहिलंय, मग तिला लिस्बनला यायला व्हिसाच लागत नाही. तिला बोलवा. हवं तर तिच्या तिकिटात वाटा उचला, तरी तुमचे पैसे वाचतील.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटची मुदत १५ दिवस आधीची. इतकी वाट पाहू नका. ठेवीचे पैसे बचत खात्यात आले की पासबुकात अचानक मोठी रक्कम दिसेल, तेव्हा मुदत संपलेल्या पावतीची प्रत आणि पेन्शनचा पुरावा अर्जाला जोडा. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. तो घेताना तुमचं बीपी लपवू नका, नाहीतर दाव्याच्या वेळी तेच कारण पुढे येईल. आणि तिथे कार्ड वापरताना मशीनने "रुपयांत की युरोत" असं विचारलं, तर युरोच निवडा.