४४० ग्रॅम कुठे गेले?

तुमचा प्रश्न आधी नीट मांडतो, म्हणजे माझं काही चुकत असेल तर लगेच कळेल. टेक्सासला असलेल्या थोरल्या भावाने हुकाचा डिजिटल काटा पाठवला. त्याच काट्यावर त्याने तिकडे एक बास (तिकडचा गोड्या पाण्यातला मासा) तोलला होता, तुमच्या म्हणण्याप्रमाणे १० पौंड ४ औंसांचा. तुम्ही तो काटा उजनी धरणावर नेला, कटला मासा लागला, होडीतच कापडी पिशवीत घालून तोलला तर ६.९९ किलो दिसले. घरी पिशवी तोलली, ९० ग्रॅम भरली, ती वजा करून तुम्ही ६.९० धरले. त्याआधी, पाण्यातून काढल्यावर तीनेक तासांनी, सोलापुरात मासळीवाल्याच्या काट्यावर तोच मासा ६.४६ भरला होता. आता विचारताय, खोटा काटा कुणाचा, आणि भावाचा बास तरी खरा मानायचा का?

माझं काटे दुरुस्तीचं दुकान आहे आणि गळाचा नाद त्याच्याही आधीपासूनचा, म्हणून सविस्तर लिहितो. माझ्या मते मासळीवाल्यावर संशय घ्यायचं कारण नाही. तुमचा काटाही बहुधा ठीक असेल. गडबड पिशवीत आहे.

पिशवी मासा तोलताना ओली होती, वजा केली ती वाळलेली. तुमचं वाचून मी आज दुकानात माझी कापडी पिशवी तोलून बघितली. कोरडी ११० ग्रॅम. बादलीत बुडवून, न पिळता, तशीच निथळत हुकाला लावली तर ४१०. म्हणजे ३०० ग्रॅम नुसतं पाणी! तुमच्या ४४० पैकी मोठा वाटा इथेच सापडला. उरलेले सव्वाशे-दीडशे ग्रॅम दोन ठिकाणी विभागले असतील. एक, मासा पाण्याबाहेर पडून राहिला की त्यातून पाणी आणि रक्त जातं, तो थोडा उतरतोच. दुसरं, तुमच्या काट्याचं ‘होल्ड’. मासा पिशवीत उसळी मारतो, होडी हलते, आकडा वरखाली होतो आणि काटा नेमका वरचा आकडा पकडून ठेवतो. माणूसही तोच लक्षात ठेवतो. म्हणून पाण्यावर घेतलेलं वजन मी मोजतच नाही. गळाने धरलेल्या माशांच्या जागतिक विक्रमांची नोंद ठेवणारी आयजीएफए ही संस्थासुद्धा नुसतं होडीत घेतलेलं वजन मान्य करत नाही, मासा जमिनीवरच तोलावा लागतो.

आता भावाच्या बासकडे येतो. तुम्ही लिहिताना ‘१० पौंड ४ औंस’ लिहिलंत, पण खाली असंही लिहिलंय की फोटोत काट्यावर १०.४ दिसतं. हे दोन एक नव्हेत. पौंडात १६ औंस, त्यामुळे १०.४ पौंड म्हणजे १० पौंड ६.४ औंस, आपल्या हिशेबाने ४.७१७ किलो. १० पौंड ४ औंस म्हणजे ४.६४९ किलो. भावाने स्वतःच्याच माशाचे ६८ ग्रॅम कमी सांगितले! त्याला आवर्जून कळवा. आपल्याकडे जुन्या लोकांना शेर-छटाक (सोळा छटाकांचा शेर) तोंडपाठ होते, त्यांची ही चूक झाली नसती.

६८ ग्रॅम म्हणजे काय एवढं, असं वाटेल. पण मोठ्या मोठ्या बासचा सगळा इतिहासच असल्या चिमूटभर फरकावर उभा आहे. जॉर्ज पेरी नावाच्या माणसाने २ जून १९३२ रोजी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात २२ पौंड ४ औंसांचा बास धरला. तो हेलेना गावात पोस्टाच्या काट्यावर तोलला गेला आणि नंतर घरच्यांनी खाल्ला, तुमच्या कटल्यासारखाच. पुढे ७७ वर्षं आणि एका महिन्याने, २ जुलै २००९ ला, जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिताला २२ पौंड ४.९७ औंसांचा, म्हणजे १०.१२ किलोचा बास लागला. पेरीच्या माशापेक्षा जेमतेम २७ ग्रॅम जास्त. आयजीएफएचा नियम असा की जुना विक्रम मोडायला कमीत कमी दोन औंस, म्हणजे ५७ ग्रॅमच्या आसपास जास्त भरावे लागतात. त्यामुळे कुरिताचा विक्रम पेरीच्या बरोबरीचा धरला गेला, वरचा नाही. तुमच्या ओल्या पिशवीत असे दहा फरक मावतील, म्हणून एवढं सांगतोय.

काटा कोणता घ्यावा, हेही विचारलंय. कंपनी मी सांगत नाही, कारण खरा प्रश्न कंपनीचा नाही. काट्याच्या खोक्यावर ‘५० किलो, १० ग्रॅम’ असं छापलेलं असतं. लोक समजतात १० ग्रॅमपर्यंत बरोबर. तो फक्त आकडा १० ग्रॅमच्या टप्प्याने पुढे सरकतो, तो खरा असतोच असं नाही. पाच-सात किलोच्या माशासाठी २०-२५ किलोचा काटा घ्या, पन्नासचा नको. हुक आणि काटा यांच्यामधली कडी मोकळी फिरणारी हवी, म्हणजे वजन सरळ खाली लटकतं, तिरपं ओढत नाही.

आणि त्याच्यावर गोण्या तोलू नका, हे कळकळीने सांगतो. आत अॅल्युमिनियमची भोक पाडलेली पट्टी असते, तिला लोडसेल म्हणतात. तिच्यावर केसासारख्या बारीक तारांच्या पातळ पट्ट्या चिकटवलेल्या असतात. वजन लटकलं की पट्टी डोळ्याला दिसणार नाही इतकी वाकते, तारा ताणल्या जातात, त्यांचा विद्युतरोध बदलतो, त्यावरून आकडा येतो. एकदा पट्टी झेपेल त्याच्या पलीकडे वाकली की पूर्ण सरळ होत नाही. मागे एकाने दुकानात काटा आणला. कांद्याची गोणी तोलली होती, काट्याच्या मापापेक्षा बरीच जास्त. मी चालू केला तर आकडा ०.००. तो म्हणाला, ‘बघा की, ठीकच आहे.’ ५ किलोचं लोखंडी वजन लावलं तर ५.१४. चालू करताना काटा आपला झिरो स्वतःच धरतो, म्हणून झिरोवर भुलू नका. झिरो बरोबर असला तरी भार आल्यावर काटा खोटं बोलू शकतो.

त्यामुळे काटा तपासायचा तो वजन लावूनच. पाण्याच्या बाटल्या लटकवून तपासू नका. बाटलीचं स्वतःचं वजन वेगळं, ती किती काठोकाठ भरली हे कळत नाही, आणि ३० अंशाला एक लिटर पाणी ९९६ ग्रॅमच भरतं. ओळखीच्या किराणावाल्याकडे पासिंग (सरकारी तपासणी) झालेली लोखंडी वजनं असतात. वजन उलटं करून बघा. खाली खड्ड्यात शिसं ओतलेलं दिसेल आणि शिशावर शिक्का ठोकलेला. वजन जुळवतात ते त्या शिशाने, म्हणून ते कुरतडलेलं असेल तर ते वजन घेऊ नका. १, २ आणि ५ किलो एकेक करून लावा, मग ५ आणि २ मिळून ७, आणि सगळं काढल्यावर काटा परत झिरोवर येतो का ते बघा. आकडे वहीत लिहून ठेवा. काटा ५ ला ५.०४ दाखवतो हे माहीत असलं तर तो काटाही कामाचा आहे. दरवेळी वेगळा आकडा दाखवणारा मात्र टाकून द्या.

धंद्यातला इलेक्ट्रॉनिक काटा वैधमापन विभागाकडून दरवर्षी पासिंग करून घ्यावा लागतो, त्यामुळे मासळीवाल्याच्या काट्यावर माझा जास्त भरवसा. तुमच्या हौशीच्या काट्याला ती सक्ती नाही, पण त्यावर तोलून मासळी विकता येत नाही हे ध्यानात ठेवा. आयजीएफएसुद्धा गेल्या बारा महिन्यांत प्रमाणित केलेलाच काटा मागते, आणि काट्यावरच्या दोन आकड्यांच्या मधला अंदाज चालत नाही, खालचा आकडा धरतात.

एक गंमतीची पण खरी गोष्ट. टेक्सासमध्ये जुळवलेला काटा सोलापुरात आणला तर तो थोडं कमी दाखवतो, कारण आपण विषुववृत्ताच्या जवळ आणि समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटर वर. साडेसहा किलोला फरक दहा ग्रॅमच्याही आत. तुमचा फरक उलट्या बाजूचा आहे, म्हणून ते कारण इथे बाद.

पुढच्या वेळी असं करा. काटा होडीच्या पत्र्यावर उन्हात ठेवू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात तापलेल्या काट्याचा झिरो सरकतो. पिशवीऐवजी जाळीची झोळी घ्या, पाणी धरून ठेवत नाही. काठावर आल्यावर झोळी पाण्यात बुडवून झटका, काट्याला लावून टेअर मारा (म्हणजे झोळीचं वजन वजा होऊन काटा झिरोवर येतो), मग मासा आडवा ठेवा. काटा हातात धरू नका, बाभळीच्या फांदीला बांधा. आकडा स्थिर झाला की फोटो, आणि तसंच दोनदा. मासा सोडायचा असेल तर हे सगळं आधी मांडून ठेवा, हात ओले करा, आणि आपण श्वास रोखू शकतो तेवढाच वेळ त्याला बाहेर ठेवा. भावालाही सांगा, मोठा बास नुसत्या खालच्या जबड्यावर लटकवू नये, जबड्याला इजा होते.

लांबी आणि घेर मोजून वजन काढायच्या सूत्राबद्दल विचारलंत. २४ इंच लांब, १८ इंच घेराचा बास घ्या. घेराचा वर्ग गुणिले लांबी भागिले ८०० केलं तर ९.७ पौंड. लांबीचा वर्ग गुणिले घेर भागिले १२०० केलं तर ८.६. मासा तोच, फरक पौंडाचा. काटा नसेल तेव्हा आठवणीपुरतं ठीक, वजन म्हणून सांगू नका.

कटल्याचं विचाराल तर वहीत ६.४६ च लिहा, बाजूला ‘बाजारात, तीन तासांनी’ असं टिपा. पिशवी धुऊन टाकली नसेल तर ती भिजवून एकदा तोला आणि आकडा मला कळवा.