राहू खरा की खोटा, एवढ्यावर थांबू नकोस

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. ग्रहणात गरोदर वहिनीला विळीला हात लावू दिला नाही म्हणून तू भांडलीस, काकांनी पोथी पुढे केली, आणि तू 'मग पोथीच खोटी' म्हणून मोकळी झालीस. आता विचारतेस, धर्मग्रंथाला खऱ्याखोट्याची कसोटी लावावी का? लावावी. वहिनीच्या बाबतीत तू बरोबरच होतीस. ग्रहणात भाजी चिरली की बाळाच्या अंगावर व्यंग येतं, हा तपासता येणारा दावा आहे, आणि तो टिकत नाही. पोथीत आहे म्हणून त्याला सूट नाही.

पण हा वाद तुमच्या स्वयंपाकघरात सुरू झालेला नाही. चंद्र सूर्याला झाकतो आणि पृथ्वीची सावली चंद्राला, हे आर्यभटाने 499 साली लिहून ठेवलं. वराहमिहिरानेही बृहत्संहितेत राहू हे ग्रहणाचं कारण नाही असं स्वच्छ सांगितलं. मात्र लगेच पुढे, ग्रहणकाळी होणाऱ्या दान-होमात राहूला वाटा मिळेल असा ब्रह्मदेवाचा वर आहे, म्हणून त्याचं नाव घेतात, अशी सोयही लावून दिली. गणितही सांभाळलं आणि यजमानही. ब्रह्मगुप्ताची गोष्ट अधिक चमत्कारिक. 628 सालच्या त्याच्या ग्रंथात ग्रहणाचं गणित सावलीवरच चालतं, आणि त्याच ग्रंथात तो राहू नाकारणाऱ्या आर्यभटाला वेद-स्मृतींच्या विरोधात गेल्याबद्दल झोडपतो. चारशे वर्षांनी भारतीय विद्यांचा अभ्यास करणाऱ्या अल् बिरूनी या मुस्लिम विद्वानाने हे वाचलं आणि तो चक्रावला. एवढा मोठा गणिती असं का लिहितो? रूढ समजुतींविरुद्ध गेल्याने सॉक्रेटिसावर ओढवलं तसलं काही याच्यावरही ओढवलं असावं, असा त्याने तर्क केला. मला तो तर्क पटतो. माहीत असूनही न बोलणारी माणसं मी शाळांत, सभांत पुष्कळ पाहिली आहेत.

आता दुसरी बाजू. वेदाचा शब्दन् शब्द प्रमाण मानणारे मीमांसक, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणारे शास्त्रकारसुद्धा, वेदातली प्रत्येक गोष्ट घडलेली मानत नव्हते. प्रजापतीने स्वतःच्या पोटातली वपा, म्हणजे चरबीचा पडदा, उपसून अग्नीत टाकली आणि तिच्यातून बिनशिंगाचा बोकड झाला, असं तैत्तिरीय संहितेत आहे. मीमांसेचे भाष्यकार शबरस्वामी म्हणतात, हा अर्थवाद आहे. यज्ञाची थोरवी सांगून माणसाला कर्माकडे वळवायचं, एवढंच त्याचं काम. घडलेल्या गोष्टीचा तो वृत्तान्त नव्हे. तेव्हा पुराणातून विमानं काढून दाखवणारा आणि 'विमानं नव्हती' म्हणून पुराण फेकून देणारा, दोघेही त्या जुन्या वाचकांपेक्षा भाबडे वाचक आहेत. दुसरा निदान बरोबर तरी असतो, एवढाच फरक.

तुला शंकराचार्यांचं एक वाक्य सापडेल आणि तू खूश होशील, म्हणून आधीच सांगतो. गीतेच्या अठराव्या अध्यायावरच्या भाष्यात ते म्हणतात की अग्नी थंड आहे असं शंभर श्रुतींनी, म्हणजे वेदवचनांनी, सांगितलं तरी ते प्रमाण होत नाही. टाळी वाजवण्याआधी पुढचं वाच. श्रुती तसं म्हणालीच, तर तिला दुसरा काही अर्थ सांगायचा असेल असं धरावं. म्हणजे ग्रंथ कधी हरतच नाही! आणि मुख्य अट अशी की जे डोळ्यांना दिसतं, अनुमानाने कळतं, तिथे श्रुतीचा अधिकार नाही. जे तसं कळत नाही, तिथे मात्र तिचाच शब्द शेवटचा. अग्नी ऊन की थंड हे हात लावून कळतं. वेद कुणी ऐकावा हे कसं कळणार? त्यामुळे तेच आचार्य ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात, शूद्राला वेदविद्येचा अधिकार नाकारणाऱ्या अपशूद्राधिकरणात, वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात शिसं आणि लाख ओतावी हे स्मृतिवचन आधार म्हणून देतात. तिथे त्यांची लेखणी अडखळत नाही.

माझं म्हणणं सगळं इथे आहे. खऱ्याखोट्याची कसोटी ग्रंथातल्या निरुपद्रवी वाक्यांना चटकन पकडते आणि सर्वांत घातक वाक्यांना हातही लावू शकत नाही, कारण ती काही दावाच करत नाहीत. ती हुकूम देतात. 'कानात शिसं ओतावं' हे खरंही नाही, खोटंही नाही. ते अन्याय्य आहे.

25 डिसेंबर 1927 ला महाडला मनुस्मृती जाळली, ती कशासाठी? तिच्या पहिल्याच अध्यायात सोन्याचं अंडं आहे, त्यात ब्रह्मदेव वर्षभर बसून आहे. त्या अंड्याची तिथे कुणाला पडली नव्हती. चवदार तळ्याचं पाणी ज्यांना नाकारलं गेलं, त्यांनी ग्रंथाला विचारलं की तू माझ्याशी कसा वागतोस.

आणि ज्या परंपरेवर प्रेम आहे तिचीही अशीच तपासणी करता येते. बाबासाहेबांनी बुद्धचरित्र लिहिताना वृद्ध, आजारी, प्रेत यांची दर्शनं ही गृहत्यागाची कारणं मानली नाहीत. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नाही, हे त्यांच्या बुद्धीला पटेना. त्याजागी त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेला तंटा ठेवला. दंतकथा गेली, बुद्ध राहिला. उलट माझ्या मते तो जास्त जवळचा झाला.

बाबासाहेबांच्या त्याच चरित्राची, 'बुद्ध आणि त्याचा धम्म'ची, प्रस्तावना काढून वाच, छोटी आहे. गृहत्यागाची शंका तिथे पहिली. त्यात दुसरी शंका दुःख, त्याचं कारण, त्याचा निरोध आणि त्याचा मार्ग या चार आर्यसत्यांबद्दल आहे: ती मूळ शिकवणीतली की भिक्खूंनी नंतर घातलेली? इथे एखादी घटना नव्हे, उपदेशच तपासाला घेतलाय, म्हणून ही शंका पहिलीहून अवघड. तिच्यामागचा युक्तिवाद मला अजून पुरता पटलेला नाही. तुला काय वाटतं ते लिही. काकांनाही वाचायला दे, भांडण होईल, होऊ दे.

तुझा,
सर